महाधमनीला आतून अस्तर

सायकलचे टायर जुने झाले की एखाद्या जागी त्याला फुगा येतो. रबरातले धागे तिथे तुटलेले असतात आणि ट्यूबमधल्या हवेला तेवढीच कमजोर जागा सापडते. अशा वेळी सायकलवाला टायरच्या आत, नेमक्या त्या जागेवर, जुन्या टायरचा एक तुकडा बसवून देतो. दुकानात त्याला गेटर म्हणतात. हवेचा दाब आता त्या तुकड्यावर येतो, कमजोर भिंतीवरचा ताण उतरतो आणि टायर आणखी काही महिने चालते. बाहेरून पाहिले तर काहीच बदललेले नसते. दुरुस्ती सगळी आतून झालेली असते.

हृदयातून निघणारी महाधमनी, म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, अशीच एखाद्या जागी फुगते. वैद्यकात त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. पोट न उघडता, जांघेतल्या लहानशा छिद्रातून नळी सरकवून हा फुगा आतून दुरुस्त करता येतो, हे आता बऱ्याच लोकांनी ऐकलेले असते. मग काही रुग्णांना डॉक्टर ‘तुमची केस गुंतागुंतीची आहे, नेहमीचा स्टेंट बसणार नाही’ असे का सांगतात?

टायरला फाटे नसतात. महाधमनीला असतात, आणि त्यांतले चार अत्यंत महत्त्वाचे फाटे अवघ्या काही सेंटिमीटरांच्या पट्ट्यातून निघतात. एक जठर, यकृत आणि प्लीहेकडे जातो, दुसरा आतड्यांकडे, उरलेले दोन मूत्रपिंडांकडे. फुगा या पट्ट्यात किंवा त्याच्या अगदी जवळ आला, तर आतले अस्तर फुगा झाकता झाकता या वाटाही बुजवणार. माणूस फुटलेल्या धमनीने जाणार नाही, पण सडलेल्या आतड्याने किंवा निकामी मूत्रपिंडांनी जाईल. गेल्या तीन दशकांत शल्यविशारदांनी आणि अभियंत्यांनी मिळून हे कोडे कसे सोडवत आणले, ते समजून घेण्यासारखे आहे.

तीन सेंटिमीटरपासून पुढे

महाधमनी हृदयाच्या डाव्या जवनिकेतून वर निघते, छातीच्या वरच्या भागात कमान घेऊन मागे वळते आणि मणक्याला लागून खाली उतरते. श्वासपटलातून ती पोटात शिरते आणि बेंबीच्या पातळीला दोन पायांसाठी दुभंगते. पोटातल्या भागाचा व्यास प्रौढ माणसात साधारण दोन सेंटिमीटर असतो. तो तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक झाला की अ‍ॅन्युरिझम झाला असे मानतात.

तिच्या भिंतीत इलॅस्टिन आणि कोलॅजन या प्रथिनांचे तंतू असतात. इलॅस्टिनमुळे भिंत प्रत्येक ठोक्याला ताणली जाऊन पुन्हा मूळ जागी येते. कोलॅजन तिला हद्दीबाहेर ताणू देत नाही. वय, उच्च रक्तदाब, भिंतीतली दीर्घकाळची सूज आणि सर्वांत जास्त म्हणजे धूम्रपान यांमुळे हे तंतू झिजतात. प्रौढ शरीर नवे इलॅस्टिन जवळजवळ तयार करीतच नाही, त्यामुळे झीज भरून निघत नाही. पुरुषांत हा आजार स्त्रियांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आढळतो. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका वाढतो. मार्फान सिंड्रोमसारख्या आनुवंशिक दोषात तो तरुणपणीच येऊ शकतो, तर ताकायासू आर्टरायटिस या, भारतासह आशियात तुलनेने अधिक दिसणाऱ्या आजारात तरुण स्त्रियांच्या महाधमनीची भिंत सुजून कुठे अरुंद होते, कुठे फुगते. एक नवलाची गोष्ट: मधुमेह हृदयाच्या धमन्यांचा वैरी असला, तरी पोटातला हा फुगा मधुमेही लोकांत तुलनेने कमी आढळतो.

एकदा फुगलेली भिंत पुढे फुगतच का जाते, याचे उत्तर फ्रेंच गणिती लाप्लासच्या नियमात आहे. नळीच्या भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकारावर ठरतो. रक्तदाब तोच राहिला आणि त्रिज्या दुप्पट झाली, तर ताणही दुप्पट होतो. त्यात भिंत पातळ झालेली असते, म्हणजे तिच्या प्रत्येक तंतूवर येणारा भार आणखी वाढतो. वाढता फुगा अशा रीतीने स्वतःच्याच वाढीला बळ देतो.

आणि हे सारे निमूटपणे चालते. बहुतेकांना काही जाणवत नाही. किडनी स्टोनसाठी किंवा प्रोस्टेटसाठी केलेल्या सोनोग्राफीत तो अचानक सापडतो. फुटला तर मात्र बहुसंख्य रुग्ण वाचत नाहीत, कित्येक तर रुग्णालयापर्यंतही पोहोचत नाहीत.

म्हणून दिसला की लगेच शस्त्रक्रिया करायची, असेही नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की चार ते साडेपाच सेंटिमीटरच्या फुग्यावर घाईने शस्त्रक्रिया केल्याने आयुष्य वाढत नाही. नियमित मोजमाप करत थांबणे तितकेच सुरक्षित ठरते. साधारणपणे पुरुषांत साडेपाच आणि स्त्रियांत पाच सेंटिमीटरला दुरुस्तीचा विचार सुरू होतो.

सेलोफेन आणि शिवणयंत्र

अल्बर्ट आइन्स्टाइनच्या पोटात १९४८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका रुग्णालयात सर्जन रुडॉल्फ निसेन यांना मोठा अ‍ॅन्युरिझम आढळला. फुगलेली महाधमनी कापून बदलण्याची सोय तेव्हा नव्हती. निसेन यांनी तिच्याभोवती सेलोफेन गुंडाळले. सेलोफेनमुळे आसपासच्या ऊतींची जळजळ होऊन घट्ट व्रणऊती तयार होईल आणि ती भिंतीला बाहेरून आवळून धरील, अशी त्यामागची कल्पना होती. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून अधिक जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगा फुटू लागला. तोपर्यंत शस्त्रक्रियेची नवी वाट उघडली होती, पण त्यांनी ती नाकारली. १८ एप्रिलला प्रिन्स्टनमध्ये त्यांचे निधन झाले.

ती नवी वाट १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबो यांनी उघडली होती. पोटातला फुगलेला भाग कापून त्यांनी तिथे मृत दात्याच्या धमनीचा तुकडा शिवला. पण दात्याच्या धमन्या किती मिळणार, आणि त्या टिकणार किती? ह्यूस्टनचे मायकेल डिबेकी दुकानात नायलॉन घ्यायला गेले, ते संपलेले होते, म्हणून डेक्रॉन नावाचे नवे कापड घेऊन आले आणि पत्नीच्या शिवणयंत्रावर त्यांनी त्याची नळी शिवली, ही हकीकत ते स्वतः सांगत. पॉलिएस्टरचे ते कापड शरीराला मानवले. आजही शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक कृत्रिम महाधमन्या त्याच जातीच्या असतात. २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, डिबेकींची स्वतःचीच महाधमनी आतून चिरली, आणि २००६ मध्ये त्यांच्या शिष्यांनी तशीच नळी बसवून त्यांना वाचवले. ते आणखी दोन वर्षे जगले.

मूत्रपिंडांच्या खाली असलेल्या फुग्यासाठी ही उघडी शस्त्रक्रिया चांगली रुळली. छाती आणि पोट दोन्हींत पसरलेल्या फुग्याचे प्रकरण मात्र वेगळे. तिथे छातीच्या डाव्या बाजूपासून पोटापर्यंत एकच लांब छेद घ्यावा लागतो, श्वासपटल कापावे लागते, एक फुप्फुस मिटवून ठेवावे लागते. महाधमनीला चिमटा लावला की त्या खालच्या अवयवांचा रक्तपुरवठा थांबतो. मूत्रपिंडे अशा स्थितीत जेमतेम अर्धा-पाऊण तास तग धरतात, म्हणून त्यांच्यात थंड द्राव सोडतात, पंपाने खालच्या भागात रक्त पोहोचवतात. ह्यूस्टनचेच ई. स्टॅनली क्रॉफर्ड यांनी या शस्त्रक्रियेला शिस्त लावली. फुगा कुठून कुठवर पसरला आहे यावरून त्यांनी केलेले वर्गीकरण आजही वापरात आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १,५०९ रुग्णांच्या अहवालात ९२ टक्के रुग्ण महिनाभरानंतर जिवंत होते, पण १६ टक्क्यांच्या पायांत लुळेपणा किंवा अशक्तपणा आला होता. जगातल्या सर्वांत अनुभवी हातांचे हे आकडे. सत्तरी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षे धूम्रपान करून फुप्फुसे खराब झालेल्या माणसाला अशा शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेताना सर्जनचा हात अडखळत असे, आणि हा आजार तर बहुतांशी अशाच माणसांना होतो.

जांघेतून आत

सोव्हिएत युक्रेनमधल्या खारकीव्हमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्येच छातीतल्या महाधमनीचा एक इजा झालेला भाग आतून स्टेंट आणि कापडाची नळी बसवून दुरुस्त केला होता. काम रशियन भाषेत प्रसिद्ध झाल्याने पाश्चात्त्य जगाला त्याची दखल घ्यायला फार उशीर लागला. सप्टेंबर १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये हुआन पारोदी यांनी हुलिओ पाल्माझ यांच्यासोबत पोटातल्या अ‍ॅन्युरिझमवर हाच उपाय केला. पाल्माझ हे हृदयाच्या धमन्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या स्टेंटचे जनक. १९९१ मध्ये पारोदींनी पहिल्या पाच रुग्णांचा अहवाल छापला आणि जगभर हे तंत्र पसरले.

त्याची रीत अशी. कापडाची नळी आणि तिला आधार देणारी धातूची जाळी असे मिळून स्टेंट-ग्राफ्ट बनते. अनेक उपकरणांत ही जाळी नायटिनॉल या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. तो दाबून बारीक केला तरी मोकळा सोडताच ठरवून दिलेल्या आकाराला परत येतो. स्टेंट-ग्राफ्ट घडी करून सहा-सात मिलिमीटर जाडीच्या नळीत भरतात, जांघेतल्या धमनीतून वर सरकवतात, क्ष-किरणांच्या चलचित्रावर जागा पाहतात आणि आवरण मागे ओढतात. ग्राफ्ट उमलते, वरच्या व खालच्या टोकांना निरोगी भिंतीवर दाबून बसते. रक्त आता कापडाच्या नळीतून वाहते. फुग्यात अडकलेले रक्त गोठते, भिंतीवरचा दाब उतरतो आणि चांगल्या स्थितीत काही महिन्यांत फुगा आक्रसू लागतो.

सगळे यश एका गोष्टीवर अवलंबून आहे. ग्राफ्टचे वरचे टोक जिथे चिकटते तिथे पुरेशी निरोगी भिंत हवी. नेहमीच्या ग्राफ्टला मूत्रपिंडांच्या धमन्यांखाली साधारण दहा ते पंधरा मिलिमीटरची सरळ, समांतर ‘मान’ लागते. ती आखूड असली, वेडीवाकडी असली, किंवा फुगा मूत्रपिंडांच्या धमन्यांपर्यंत वा त्याहून वर चढलेला असला, की केस गुंतागुंतीची होते. ग्राफ्ट वर सरकवले तर शाखा बंद होतात, खाली ठेवले तर ते कमजोर भिंतीवर टेकते आणि कडेने रक्त आत झिरपते.

खिडक्या आणि फांद्या

उपाय ऐकायला सोपा आहे: कापडाला भोके ठेवा. सोलच्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये अशा खिडक्या ठेवलेल्या ग्राफ्टचा मानवी वापर प्रथम प्रसिद्ध केला. त्याला व्यवहारात उतरवण्याचे मोठे काम ऑस्ट्रेलियातल्या पर्थ आणि अ‍ॅडलेडच्या मंडळींनी केले. मायकेल लॉरेन्स-ब्राउन, डेव्हिड हार्टली आणि जॉन अँडरसन ही त्यांतली नावे. रुग्णालयांत ‘फेनेस्ट्रेटेड ग्राफ्ट’ म्हणून ओळखले जाते ते हेच.

कठीण आहे ती जागा जुळवणे. प्रत्येक माणसाच्या महाधमनीतून चार शाखा वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या कोनात निघतात. म्हणून आधी अगदी बारीक कापांचे सीटी स्कॅन होते. त्यातून संगणकावर महाधमनीची त्रिमितीय प्रतिमा उभी राहते, आणि प्रत्येक शाखेचे तोंड वरच्या टोकापासून किती मिलिमीटरवर आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे किती वाजण्याच्या दिशेला आहे याची नोंद होते. ‘उजवे मूत्रपिंड, साडेनऊ’ असे सर्जन खरोखर बोलतात. त्या मापाने एकाच रुग्णासाठी एकच ग्राफ्ट बनते. अशी मापाची ग्राफ्टे बनवणारा एक प्रमुख कारखाना ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला आहे. ग्राफ्ट हाती यायला दोन-तीन महिने लागू शकतात.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्या मापांची कसोटी लागते. खिडक्यांच्या कडेला सोन्याच्या बारीक खुणा असतात, कारण कापड क्ष-किरणांत दिसत नाही पण सोने दिसते. ग्राफ्ट आत नेऊन आधी अर्धवटच उघडतात, म्हणजे गरज पडली तर ते किंचित फिरवता, वरखाली करता येते. मग एका बारीक तारेने ग्राफ्टच्या आतून खिडकी गाठायची, खिडकीतून शाखेत शिरायचे. चारही शाखांत तारा गेल्या की ग्राफ्ट पूर्ण उघडतात. त्यानंतर प्रत्येक खिडकीतून शाखेत कापड लावलेला एक छोटा स्टेंट बसवतात, तो खिडकी आणि शाखा यांना जोडतो. त्याचे आतले टोक आत फुगवलेल्या लहान बलूनने रुंद करून खिडकीच्या कडेवर घट्ट बसवतात, जेणेकरून रक्त कडेने झिरपू नये. काही वेळा एकेका शाखेसाठी तासभरही जातो. आधी काढलेले सीटी स्कॅन चलचित्रावर पारदर्शकपणे चढवण्याची सोय आल्यापासून हे काम बरेच सुकर झाले आहे, रुग्णाला आणि डॉक्टरांना मिळणारी किरणांची मात्राही कमी झाली आहे.

खिडकी कुठे चालते आणि कुठे नाही, याला एक नेमके कारण आहे. ग्राफ्ट भिंतीला टेकलेले असेल तर खिडकी आणि शाखेचे तोंड समोरासमोर येतात आणि छोटा स्टेंट दोन्हींना धरून राहतो. पण छाती आणि पोटात पसरलेल्या फुग्यात ग्राफ्ट आणि भिंत यांच्यात बरेच अंतर असते. तिथे खिडकीतून निघालेला स्टेंट पोकळीत लोंबकळत राहील आणि निखळेल. अशा ठिकाणी ग्राफ्टलाच कापडाच्या लहान फांद्या शिवलेल्या असतात. फांदीत जोडस्टेंटचा दीड-दोन सेंटिमीटर भाग बसतो आणि जोड पक्का होतो. सॅन फ्रान्सिस्कोचे टिमोथी चुटर यांनी २००१ मध्ये अशा अनेक फांद्यांच्या ग्राफ्टचा अहवाल दिला. क्लीव्हलँडचे रॉय ग्रीनबर्ग यांनी हे तंत्र शेकडो रुग्णांवर वापरून त्याची काटेकोर नोंद ठेवली. २०१३ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. या क्षेत्रातल्या आजच्या अनेक नामवंतांनी त्यांच्या हाताखाली धडे गिरवले आहेत.

ज्याचा फुगा दुखू लागला आहे त्याला तीन महिने थांबता येत नाही. त्याच्यासाठी चार फांद्यांची तयार ग्राफ्टे आली. शाखांची तोंडे थोडी इकडेतिकडे असली तरी लवचीक जोडस्टेंट ते अंतर भरून काढतात, त्यामुळे एकच माप बऱ्याच जणांना चालते. युरोपात असे ग्राफ्ट २०१२ पासून मिळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी मापाच्या खिडकीवाल्या ग्राफ्टला मान्यता दिली, पण चार फांद्यांच्या तयार ग्राफ्टला परवानगी मिळायला तिथे जानेवारी २०२४ उजाडले.

तयार ग्राफ्टही हाताशी नसेल तर? काही अनुभवी सर्जन साधे ग्राफ्ट निर्जंतुक टेबलावर उघडून, रुग्णाच्या मापाप्रमाणे स्वतः छिद्रे पाडून, त्यांच्या कडा शिवून ते पुन्हा नळीत भरतात. दुसरा मार्ग म्हणजे ‘चिमणी’: मुख्य ग्राफ्ट आणि महाधमनीची भिंत यांच्यामधून शाखेकडे समांतर लहान स्टेंट नेणे. गोल ग्राफ्टच्या कडेला दुसरी नळी ठेवली की बाजूला फटी राहतात आणि तिथून झिरप होऊ शकते, म्हणून चिमणी शक्यतो एखाद-दोन शाखांपुरती आणि तातडीच्या प्रसंगी वापरावी, असेच बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. ते योग्य वाटते.

मज्जारज्जूचा धोका

छेद लहान केल्याने एक धोका मात्र टळत नाही. महाधमनीच्या मागच्या बाजूने बरगड्यांच्या आणि कमरेच्या बारीक धमन्यांच्या जोड्या निघतात. त्यांतल्या काही मज्जारज्जूला रक्त पुरवतात. या धमन्या इतक्या लहान आणि इतक्या संख्येने असतात की प्रत्येकीसाठी खिडकी ठेवता येत नाही. लांबलचक अस्तर त्या सगळ्या झाकते. मज्जारज्जूला रक्त कमी पडले तर रुग्ण शुद्धीवर येतो तो पाय न हलणारा. फुगा दुरुस्त झाला, पण माणूस चालू शकत नाही, याहून क्लेशकारक परिणाम या वैद्यकशाखेत दुसरा नसेल.

दिलासा असा की मज्जारज्जू एकाच धमनीवर अवलंबून नसतो. त्याच्याभोवती पाठीच्या स्नायूंतून, खांद्याकडून आणि ओटीपोटाकडून येणाऱ्या लहान वाहिन्यांचे जाळे असते. काही वाटा बंद झाल्या की उरलेल्या काही आठवड्यांत रुंद होतात, फक्त त्यांना वेळ मिळायला हवा. त्यामुळे मोठी दुरुस्ती एकाच दिवशी उरकत नाहीत, टप्प्याटप्प्याने करतात. आधी छातीतला भाग, काही आठवड्यांनी पोटातला. कधी एक फांदी मुद्दाम उघडी ठेवतात, म्हणजे फुग्यात थोडे रक्त जात राहते, आणि ती नंतर बंद करतात. जर्मनीतल्या लाइपझिगच्या गटाने त्याही पुढे जाऊन, मुख्य शस्त्रक्रियेच्या आधी काही बारीक धमन्या तारांची वेटोळी घालून हेतुपुरस्सर बंद करण्याचा मार्ग सुचवला, जेणेकरून जाळे आधीच सज्ज व्हावे. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब मुद्दाम थोडा वर ठेवतात. गरज भासल्यास कमरेतून बारीक नळी घालून मज्जारज्जूभोवतीचा द्राव काढतात. तिथला दाब उतरला की रक्ताला आत शिरायला जागा मिळते. पाय हलवता येतात का, हे अतिदक्षता विभागातली परिचारिका दर तासाला तपासते. वेळेत लक्षात आले तर अनेकदा पायांतली ताकद परत आणता येते.

*चौकट: ही लक्षणे दिसली तर थांबू नका*

*पोटात, कमरेत किंवा पाठीत अचानक उठलेली तीव्र कळ, सोबत घाम, भोवळ किंवा शुद्ध हरपणे. पोटात हृदयासारखे ठोके देणारी गाठ जाणवणे. वय साठीच्या पुढे आणि धूम्रपानाचा इतिहास असेल तर अशी कळ ‘उसण भरली’ किंवा ‘मूतखडा असेल’ म्हणून घरी सोसू नये, ज्या रुग्णालयात सीटी स्कॅनची सोय आहे तिथे थेट जावे. ज्यांना अ‍ॅन्युरिझम असल्याचे आधीच माहीत आहे त्यांनी प्रत्येक डॉक्टरला ते सांगावे. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातली प्रतिजैविके अशा रुग्णांना दुसरा पर्याय असताना देऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला आहे.*

छेद लहान, सोबत जन्मभराची

जांघेत दोन टोचण्या, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालणे, आठवड्याच्या आत घरी. रुग्णाच्या नातेवाइकांना हे ऐकून हायसे वाटते, आणि वाटायला हवेच. पण याची दुसरी बाजू त्यांना तितक्याच स्पष्टपणे सांगितली जावी. उघड्या शस्त्रक्रियेत नळी भिंतीला टाक्यांनी शिवलेली असते. आतल्या अस्तरात ती दाबाने आणि आकड्यांनी धरलेली असते, आणि प्रत्येक ठोक्याला, दिवसाकाठी लाखभर वेळा, तिला हिसका बसतो.

फुग्यात पुन्हा रक्त शिरू लागले तर त्याला ‘एंडोलीक’ म्हणतात. टोकाची सील सुटली किंवा दोन तुकड्यांचा सांधा निसटला तर धोका मोठा, तातडीने दुरुस्ती लागते. बारीक धमन्यांतून उलट दिशेने थोडे रक्त येत असेल तर बहुधा नुसते लक्ष ठेवून भागते, फुगा वाढू लागला तरच हस्तक्षेप करतात. खिडक्या-फांद्यांच्या ग्राफ्टमध्ये सांधे जास्त, म्हणून जोखीमही जास्त. मूत्रपिंडाकडे जाणारा जोडस्टेंट गुठळीने बंद पडला आणि ते वेळेत कळले नाही, तर ते मूत्रपिंड गमवावे लागते. यावर उपाय एकच: ठरल्या वेळी सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफी, आणि तीही जन्मभर.

ब्रिटनमधल्या ‘ईव्हार-१’ या चाचणीने हा सौदा आकड्यांत मांडला. ती मूत्रपिंडांखालच्या साध्या फुग्यांची होती. शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांत आतून दुरुस्ती केलेल्यांपैकी १.७ टक्के रुग्ण दगावले, उघडी शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी ४.७ टक्के. पण पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात चित्र उलटले. आठ वर्षांनंतर उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली होती, आणि आतून दुरुस्ती केलेल्यांतल्या काहींचे फुगे पुढे फुटले होते. त्या अभ्यासातली उपकरणे पहिल्या पिढ्यांची होती, हे खरे. तरीही निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

गुंतागुंतीच्या फुग्यांसाठी दोन्ही मार्गांची तुलना इतक्या पक्क्या पुराव्यावर उभी नाही. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०२० मध्ये सांगितले की दोन्ही पर्याय शक्य असतील तेव्हा खिडक्या-फांद्यांची दुरुस्ती निवडण्याआधी तिची अनिश्चितता रुग्णाला समजावून सांगावी, वेगळी संमती घ्यावी आणि प्रत्येक केसची नोंद ठेवावी. उघडी शस्त्रक्रियाही मागे पडलेली नाही. ह्यूस्टनच्याच जोसेफ कोसेली यांच्या गटाने २०१६ मध्ये छाती-पोटाच्या ३,३०९ शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, त्यात मृत्यूचे प्रमाण ७.५ टक्के आणि पायांचा कायमचा लुळेपणा २.९ टक्के होता. पन्नाशीतला, धडधाकट, मार्फान सिंड्रोम असलेला रुग्ण असेल तर त्याची मुळातच नाजूक भिंत ग्राफ्टच्या दाबाने पुढे पुन्हा फुगू शकते. त्याला अनुभवी केंद्रात उघडी शस्त्रक्रियाच बहुधा बरी. पंच्याहत्तरीचा, दम लागणारा, हृदय अशक्त झालेला रुग्ण असेल तर खिडक्या-फांद्यांची वाट हीच त्याच्यासाठी खरी वाट असते. अशा कित्येकांना पूर्वी ‘काही करता येणार नाही’ असे सांगून घरी पाठवले जाई.

आपल्याकडे यात खर्चाचा प्रश्न मिसळतो. ही ग्राफ्टे बहुतांशी आयात होतात आणि एकट्या उपकरणाचीच किंमत कित्येक लाखांत जाते. म्हणून नातेवाइकांनी संकोच न करता विचारावे: या रुग्णालयात अशा किती केसेस झाल्या आहेत, मज्जारज्जूच्या रक्षणासाठी काय करणार, दरवर्षीच्या तपासणीचा खर्च किती, आणि उघडी शस्त्रक्रिया का नको. चांगला सर्जन या प्रश्नांनी नाराज होत नाही.

सर्वांत स्वस्त पायरी मात्र या सगळ्याच्या खूप आधी येते. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ६७,८०० पुरुषांवर झालेल्या अभ्यासात, ज्यांना पोटाच्या सोनोग्राफीसाठी बोलावले गेले त्यांच्यात अ‍ॅन्युरिझमने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी घटले. इंग्लंडमध्ये आज प्रत्येक पुरुषाला पासष्टाव्या वर्षी अशी तपासणी मोफत मिळते. भारतात अशी सरकारी मोहीम नाही. तेव्हा घरात पासष्टी ओलांडलेले, कधीकाळी सिगारेट किंवा विडी ओढलेले वडील, काका, मामा असतील, किंवा सख्ख्या नात्यात कुणाला हा आजार झालेला असेल, तर पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने पोटाची सोनोग्राफी होईल तेव्हा डॉक्टरांना एवढेच सांगा: महाधमनीचा व्यासही मोजा आणि रिपोर्टमध्ये लिहा. त्याला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही.